लोखंडी मोटारीचा रंग

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी सकाळी भिकुबाईची बैलगाडी माहेरच्या खळ्यात शिरली, तेव्हा तिच्या दोघा भावांचं भांडण चांगलं पेटलेलं होतं. भांडण नवं होतं, हेच एक नवल. घराची वाटणी, विहिरीच्या पाण्याची पाळी, मायने कोणाच्या चुलीवर जेवायचं, ही सगळी भांडणं गेल्या दोन वर्षांत होऊन मिटली होती, किंवा मिटली असं म्हणून सगळ्यांनी ती बाजूला सारली होती. आजचं भांडण रंगावरून होतं.

खळ्याच्या मधोमध, निंबाखाली, ती मोटार उभी होती. भिकुबाई तिच्याबद्दल वर्षभर नुसती ऐकून होती. लढाई संपल्यावर देवळालीच्या लष्करी डेपोत पडून राहिलेल्या गाड्यांचा लिलाव झाला, त्यात धाकट्या वनाने ही उचलली. शिपायांना बसवून रणात न्यायची चिलखती मोटार. चारही बाजूंना कळण्याच्या भाकरीएवढा जाड पत्रा, आणि वर छत नाही. धुळ्याच्या एका कारखान्यात वनाने तो पत्रा गॅसने कापून अर्ध्यावर आणला होता, ड्रायव्हरपुढची लोखंडी झडप काढून तिथे काच बसवली होती, आणि मागे दोन्ही अंगांना सागवानी बाकं ठोकून घेतली होती. बाकांचा साग थोरल्या झिपरूनानाचा. लेकीच्या लग्नात पलंग करायला म्हणून माळ्यावर जपून ठेवलेला. "भंगार आणलं" म्हणून ज्या नानाने वनाशी चार महिने अबोला धरला होता, त्यानेच तो स्वतःच्या हाताने काढून दिला. सोनगीर ते शिंदखेडे अशी माणसं नेण्याचा परवाना मिळणार, असं कळल्यापासून नानाला मोटारीच्या कपाळावर आपलं नाव दिसू लागलं होतं.

"हिरवाच राहू दे," नाना म्हणत होता. "फौजी रंग शे. दोन कोसवरतून लोके म्हनतीन, झिपरूनानानी मोटार उनी."

"नाना, मोटार इन्स्पेक्टरनी सांगेल शे, फौजना रंग चालनार नही म्हनीसन," वना म्हणाला. "निळा देऊ. त्यावर पिवळा पट्टा. धुळाले मी देखेल शे."

"निळा! निळा काय मोटारले शोभस?"

चुलीपाशी बसलेल्या भागाबाईने, म्हणजे त्यांच्या मायने, तिथूनच आवाज दिला, "लाल द्या रे. नवं वाहन शे. कुंकूना रंग द्या, मंग भांडा."

धुळ्याहून आणलेला उखर्डू पेंटर पत्र्याशी उकिडवा बसून खरवडणी चालवत होता. कानावर विडी, तोंडावर हिरवी पूड. तो मान वर न करता म्हणाला, "तुम्ही ठरवा निवांत. मी तोवर खरवडतो. जुना रंग निघाल्याशिवाय नवा धरायचा नाही."

तेवढ्यात वनाला बहीण दिसली. तो धावतच आला. "भिकू! उनी तू! पाव्हना कोठे शेतस?"

"मांगतून येत शेतस. पाईपाई."

"पाई? नरडाणापाइन?" वना हसून लोळला. "मोटारना डायवर, अन् पाईपाई!"

सगळे हसले. भिकुबाईही हसली. पण मोटारीकडे बघायचं तिने टाळलं.

कारण तिचा नवरा हिलाल ही मोटार चालवणार, हे हिलालने कोणालाच सांगितलेलं नव्हतं. ते भिकुबाईने सांगितलं होतं.

हिलाल फौजेत ड्रायव्हर होता. ब्रह्मदेशातून परत येऊन त्याला तीन वर्षं झाली होती. शेतात तो दोन माणसांचं काम करायचा, पण बोलायचा अर्ध्या माणसाएवढंही नाही. मोटार दिसली की रस्ता सोडून बांधावर चढायचा. धुळ्याला जायचं तरी पायी. सासरी याची चेष्टा सुरू झाली. दीर म्हणायचा, लोकांनी फौजेतून पेट्या भरून आणल्या, आमच्या भावाने मुकेपण आणलं. गेल्या दिवाळीत वनाने विचारलं, "भिकू, हिलालभाऊ चालवतीन का आपली मोटार?" आणि भिकुबाईच्या तोंडून निघून गेलं, "चालवतीन. त्यास्नीच माले सांगं." निघालेला शब्द तिने परत घेतला नाही. उलट त्या रात्री ती अंथरुणावर पडून कितीतरी वेळ बघत राहिली, की नवरा मोटारीच्या चाकामागे ताठ बसला आहे आणि गाव वाट सोडतं आहे. त्या एका शब्दावर वनाने परवान्याच्या अर्जात हिलालचं नाव लिहिलं. त्याच शब्दावर नानाचा साग माळ्यावरून खाली आला.

हिलाल आला तो दुपार चढल्यावर. खळ्यातून सरळ न येता बांधाला वळसा घालून तो विहिरीकडे गेला. हातपाय धुतले, सासूच्या पाया पडला, आणि पुन्हा विहिरीच्या काठावर चिंचेखाली जाऊन बसला.

सुमनबाई, नानाची बायको, खापरावर मांडा टाकत होती. हातावर मोठा करत नेलेला पुरणाचा मांडा तिने खापरावर अलगद सोडला आणि भिकुबाईकडे न बघताच म्हणाली, "पाव्हनानी मोटारकडे पाठ करेल शे."

"थकनात व्हतीन."

"थकेल मानूस पाठ करत नही, बाई. डोळा मिटस." मग आवाज उतरवून, "तू त्यास्ले इचारं व्हतं का, भिकू?"

गेल्या दोन वर्षांत ह्या वहिनीशी भिकुबाईचं कधी धड जमलं नव्हतं. वाटणीच्या वेळी मायचे चांदीचे वाळे कोणाकडे राहायचे, ह्यावरून दोघींनी एकमेकींना नको ते ऐकवलं होतं. आज त्या वहिनीच्या आवाजात टोचणी नव्हती.

"जाय," सुमनबाई म्हणाली. "जेवाना पहिले सांगी टाक. भरेल पोटवर असल्या गोष्टी पचत नहीत."

चिंचेखाली हिलाल मोटेचा तुटका सोल, तो जाड दोर, वळत बसला होता. कोणी सांगितलं नव्हतं. हाताला काम नसलं की तो शोधून काढायचा. भिकुबाई त्याच्या समोर बसली. सगळं घोकून आली होती, पण तोंडातून एवढंच निघालं, "वनाभाऊनी अर्जमा तुम्हनं नाव लिखेल शे."

"माले म्हाईत शे."

ती दचकली. "कधपाइन?"

"दिवाईपाइन. गावमा बठ्ठा लोके बोलतस."

"मंग तुम्ही बोलनात का नही?"

हिलालने सोलाला एक पीळ दिला, ओढून पाहिला. "तू कधी सांगस, वाट देखत व्हतू."

सहा महिने. भिकुबाईला वाटलं, त्याने चार माणसांत शिव्या दिल्या असत्या, दीरासारखा चेष्टा करून बोलला असता, तरी सोसलं असतं. हे सोसवेना. तिने पदर तोंडाला लावला.

"रडू नको. सणना दिन शे," तो म्हणाला. आणि मग, तीन वर्षांत पहिल्यांदा, आपण होऊन, "मी मोटार चालवाले घाबरत नही, भिकू. तुम्ही बठ्ठा तेच समजतस. ते नही."

"मंग काय?"

तो सांगणार होता. त्याचे ओठ हललेले तिने पाहिले. पण तेवढ्यात खळ्याकडून धडधड ऐकू आली. वनाने मोटारीचं इंजिन चालू केलं होतं. त्यामागून पोरीबाळींच्या हसण्याचा कल्लोळ उठला. हिलाल ताडकन उभा राहिला.

वना आज हवेत होता. भांडणात नाना थोडा मऊ पडलेला, मोटार एका हाकेत सुरू झालेली, आणि घरात माहेरवाशिणींचा मेळा. त्याने सणासाठी बांधलेल्या झोक्यावरच्या सगळ्याजणींना हाक मारली होती, "या, बसी देखा! आपली मोटार शे!" चुलतबहिणी, भाच्या, शेजारच्या लेकी, नवी लुगडी सावरत त्या मागच्या फळीवरून वर चढल्या होत्या. डाव्या बाकावर पाच, उजव्या बाकावर पाच. गुडघ्याला गुडघे लावून, समोरासमोर.

हिलाल खळं ओलांडून सरळ मोटारीपाशी गेला. त्याच्यामागे भिकुबाई, जवळजवळ पळत.

उखर्डूने मागच्या अंगाला हातभर जागा खरवडून मोकळी केली होती. हिलाल तिथेच थांबला. खरवडलेल्या कडेला एकावर एक थर दिसत होते: वर गडद हिरवा, त्याखाली वाळूसारखा पिवळट, त्याखाली पुन्हा एक हिरवा, आणि तळाशी शेंदरासारखा लाल.

"तीनदा रंगवली आहे हिला," पेंटर म्हणाला. "कोणास ठाऊक का."

"आधी वाळवंट, मंग जंगल," हिलाल हळूच म्हणाला. "जशी जमीन तसा रंग."

"आणि हे बघा. इथे वाळूचा थर नाहीच."

पेंटरने बोट ठेवलं तिथे पत्र्याला एक चौकोनी ठिगळ जोडलेलं होतं. ताटाएवढं. त्यावर तळाचा लाल आणि वरचा हिरवा, एवढेच दोन थर. हिलालने ठिगळावर पालथा हात ठेवला. भिकुबाई त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याने मान वर केली, बाकांवरच्या हसऱ्या पोरींकडे पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जणू मोजत होता.

"उतरा," तो म्हणाला. इंजिनाच्या आवाजात कोणाला ऐकू गेलं नाही. मग तो ओरडला. असा ओरडला की निंबावरचे पोपट उडाले. "उतरा खाले! बठ्ठ्या उतरा!"

वनाने इंजिन बंद केलं. पोरी घाबरून एकमेकींना धरून उतरू लागल्या. एकीचं लुगडं फळीत अडकून टरकलं. धाकटी भाची रडायला लागली.

नाना पुढे आला. तो रागावला की आवाज चढवत नसे, उलट उतरवायचा. "पाव्हना, सणना दिन शे. लेकीबाळीसवर वरडाले काय व्हयनं?"

"नाना, ह्या मोटारमा मानसे बसाडू नका."

"म्हंजे?"

"मी मानसे लई जानार नही. सांगनं व्हतं तेवढं सांगं."

"आते सांगस?" नानाचा आवाज आणखी उतरला. "परवाना उना, बाक व्हयनात, बठ्ठा गावले सांगी झायं, अन् आते सांगस? तीन वरीस लोके म्हनतस, हिलाल फौजमातून भेदरीसन उना. मी कोनले बोलू दिन्हं नही. आम्हना घरना जवाई शे, म्हनीसन लोकेसशी भांडनू. शब्द देवाना पहिले तुम्ही इचार कराना व्हता!"

भिकुबाईने ओळखलं, हिलाल नुसता उभा राहील. हे सगळं अंगावर घेईल, संध्याकाळी उठून पायी नरडाण्याला निघेल, आणि तिच्याबद्दल एक अक्षर बोलणार नाही. ती दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर सरकला होता, तो सावरायचंही तिला भान नव्हतं.

"नाना, शब्द मी दिन्हा," ती म्हणाली. "त्यास्ले इचारं नही. त्या काही बोलनातच नहीत कधी. मीच खोटं सांगं."

वना मोटारीच्या पुढच्या मडगार्डवर मटकन बसला. "भिकू," तो म्हणाला, "मी परवानाना अर्ज करा तो तुन्हा शब्दवर. तू कागद लिखी दिन्हा व्हता तरी मी इतला भरोसा ठेवतू नही." त्याच्या आवाजात राग नव्हता, ते अधिक वाईट होतं. नाना भावाजवळ जाऊन उभा राहिला. सकाळपासून एकमेकांचे गळे धरू पाहणारे दोघे भाऊ आता एका बाजूला होते, आणि दुसऱ्या बाजूला भिकुबाई एकटी.

एकटी नव्हती. हिलाल दोन पावलं पुढे येऊन तिच्या शेजारी उभा राहिला.

"तिले काही म्हनू नका," तो म्हणाला. "मी तिले कधी काही सांगंच नही, मंग ती काय इचारी? चूक अर्धी मन्ही शे. ऐका आते."

मग त्याने सांगितलं. उभ्याउभ्याच, मोटारीच्या पत्र्यावर हात ठेवून, शेतीचं काही सांगावं तशा साध्या आवाजात.

ब्रह्मदेशात तो अशीच मोटार चालवायचा. हीच नव्हे, पण हिची बहीण म्हणावी अशी. मागे दहा शिपाई बसायचे, पाच इकडे, पाच तिकडे. चारही बाजूंनी पत्रा, गोळी लागली तर टण्ण करून परत जायची, म्हणून शिपाई मोटारीला "माय" म्हणायचे. एका सकाळी रस्त्यावर तोफगोळे पडू लागले. त्यातला एक वरून आत पडला. वर छत नव्हतं. हिलालच्या पाठीमागे पाण्याच्या डब्यांची रास होती, म्हणून तो वाचला. हुकूम असा होता की काही झालं तरी थांबायचं नाही. एक मोटार थांबली की मागच्या पन्नास अडकतात. तो चार मैल चालवत राहिला. मान वळवून बघायला सवड नव्हती.

"पहिले मांगून आवाज येत व्हतात," हिलाल म्हणाला. "एक जन पानी मांगत व्हता. मंग आवाज येवाना बंद व्हयनात."

उखर्डूच्या हातातली खरवडणी तशीच राहिली होती.

"दुसरा दिन मोटार धुवाले लावी. ठिगळ मारं, अन् माले हिरवा रंगना डबा दिन्हा. मीच रंग दिन्हा, आतून-बाहेरून. तिसरा दिन दुसरा दहा जन बसनात. त्यामातला एक पोर्‍या माले म्हने, 'ड्रायव्हरसाब, गाडी तो बिलकुल नई लगती है.'" तो थांबला. "मी काही बोलनू नही. बसाडं त्याले, अन् चालवी लिधी. तशी सात महिना चालवी. घाबरनू नही, नाना. पन आते मन्हा पाठमांगे मानसे बसनात, की माले रस्ता दखात नही. आवाजच येतस."

नाना खाली जमिनीकडे बघत होता. वनाने तोंड फिरवलं होतं. भिकुबाईला जवळ जाऊन नवऱ्याचा हात धरावासा वाटला. भावांसमोर, मायसमोर ते जमणारं नव्हतं. ती नुसती थोडी सरकली, इतकी की तिचा पदर त्याच्या बाहीला लागला.

तेवढ्यात भागाबाई उठली. गुडघे धरून, चुलीपासून मोटारीपर्यंत ती हळूहळू चालत आली. जावयासमोर ती एरवी कधी सरळ तोंड करून बोलत नसे. आज बोलली.

"नावे आठवतस त्यास्ना?"

हिलालने मान हलवली. आठवत होती.

"मंग चाल. आज आखाजी शे. गेलेल्या मानसेसनी घागर भरतस आज. त्यास्नी कोनी भरेल नशीन."

"माय, त्यामा दोन मुसलमान व्हतात. एक शीख."

"तहान बठ्ठासले लागस, बापू," भागाबाई म्हणाली.

सुमनबाईने देव्हाऱ्यापाशी कोरी घागर मांडली. भिकुबाईच्या वारलेल्या बापाच्या घागरीशेजारीच, थोड्या अंतरावर. हिलालने विहिरीचं पाणी शेंदून ती भरली. वर खरबूज ठेवलं, दोन सांजोऱ्या ठेवल्या. गोवरीच्या निखाऱ्यावर मांड्याचा घास टाकताना तो एकेक नाव घेत गेला. दहा नावं. त्यातली निम्मी घरातल्या कोणाला धड उच्चारताही आली नसती, पण प्रत्येक नावाला भागाबाई हात जोडत होती, आणि तिचं बघून बाकीचेही. शेवटचं नाव घेताना हिलालचा आवाज फाटला. भिकुबाईने त्याला रडताना पहिल्यांदा पाहिलं. तिने तेव्हाही त्याला हात लावला नाही. फक्त कोणी त्याच्याकडे बघू नये म्हणून पोरींना घेऊन बाहेर गेली.

जेवणं झाली. सगळे जपून जपून बोलत होते, आणि मोटारीचा विषय कोणी काढत नव्हतं. तो काढला सुमनबाईने, आमरस वाढता वाढता.

"मानसे नही ते नही. माल लई जाशात का, पाव्हना?"

हिलालने बराच विचार केला. "माल लई जासू," तो म्हणाला. "कापूस, मिरची, कांदा. नरडाणा टेशनले, दोंडाईचाले. काळी मातीमा बैल बसी जातस, तठे ही मोटार चाली जाई."

वनाने नानाकडे पाहिलं. परवाना माणसांचा होता. तो परत करून मालाचा मागायचा म्हणजे पुन्हा धुळ्याच्या कचेरीत हेलपाटे. आणि नानाने चार गावांत सांगून ठेवलं होतं की दसऱ्याला आपल्या मोटारीत बसून देवीला जाऊ. नाना ताटावरून उठला. हात धुतला. घरात गेला.

"रुसना," भागाबाई पुटपुटली.

नाना बाहेर आला तो हातोडा आणि पाना घेऊन. सरळ मोटारीकडे गेला, मागची फळी पाडली आणि वर चढला.

"वना, बसी काय राह्यना?" तो आतून ओरडला. "पहिले डावा बाक काढू. साग फाटाले नको. पोरना पलंग करना शे माले."

तासाभरात दोन्ही बाकं खाली आली. उखर्डू बिचारा सकाळपासून ताटकळलेला, त्याने पुन्हा विचारलं, "मालक, रंगाचं काय मग? सूर्य उतरायला लागला."

नाना म्हणाला, "पाव्हनाले इचार. चालवनार तो शे."

हिलाल क्षणभरही थांबला नाही. "जो रंगवर डाग दखास, तो दे."

"म्हणजे?"

"पांढरा."

पेंटरने कपाळाला हात लावला. "पांढरा? अहो, धुळीचा रस्ता, मिरचीची पोती. दोन दिवस नाही टिकायचा. रोज धुवावी लागेल."

"रोज धुसू. जे लागेल शे ते दखाले पाहिजे. रंगखाले काही दडपानं नही."

नाना कुरकुरला, नव्या वाहनाला पांढरा म्हणजे विधवेचं लुगडं नेसवल्यासारखं. पण भागाबाईने त्याला तिथेच गप्प केलं. "कापूस कोनता रंगना व्हस रे? जनमभर तोच खाई राह्यना ना तू?" पुढे वाद राहिला नाही. वनाचा पिवळा पट्टा मात्र राहिला, करंगळीएवढा. तेवढ्यावर तो खूश होता. नानाचं नाव कपाळावर आलं नाही. त्यानेच नको म्हणून सांगितलं.

त्या वर्षांत खानदेशात अशा लष्करी मोटारी गावोगाव होत्या. कुणाचं इंजिन विहिरीवर गेलं, कुणाची चाकं गाड्यांना लागली, कुणाचा सांगाडा बाभळीत गंजत पडला. ह्या मोटारीने नऊ वर्षं माल वाहिला. माणसं नेण्याचे रस्ते मधल्या काळात सरकारी मोटारींकडे गेले, तेव्हा "मालनी अक्कल मन्ही व्हती" असं नाना सोनगीरच्या बाजारात बिनदिक्कत सांगत फिरला, आणि हिलालने त्याला कधी खोटं पाडलं नाही. अठ्ठावन्न साली सुटे भाग मिळेनासे झाले, तेव्हा वनाने स्वतः गॅस आणून तिचा पत्रा कापला. तो नाल्यावर पूल म्हणून पडला. कापसाच्या गाड्या त्यावरून जातात.

पण ते सगळं पुढचं. पहिली खेप निघाली ती ज्येष्ठात, मालाचा परवाना हाती आल्यावर. मागे मिरचीची पोती छातीभर रचलेली, गाव शिंका देत उभं. भिकुबाईला सासरी परत जायचं होतं आणि नानाने तिच्यासाठी बैलगाडी जुंपून ठेवली होती. ती गाडीकडे गेली नाही. मोटारीला वळसा घालून हिलालच्या शेजारच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

हिलालने तिच्याकडे पाहिलं. उन्हाने तापलेल्या बैठकीवर त्याने रिकामं पोतं दुमडून टाकलं आणि दार आतून लोटून दिलं.

सोनगीरच्या किल्ल्याखालच्या वळणावर एक म्हातारी रस्त्याच्या कडेला हात करून उभी होती. डोक्यावर गाठोडं, पायांत काही नाही, वर रणरणतं ऊन. हिलालने वेग कमी केला. मग थांबला.

म्हातारी गाठोडं सावरत मागच्या फळीकडे निघाली.

"मांगे नही, आजी," हिलालने तिला हाक मारली. "पुढे ये. आठे बस, माले दखाशी अशी."

भिकुबाई सरकली आणि म्हातारीला हात देऊन तिने वर घेतलं.